पेट्रोल महागलं म्हणून गाडी बदलू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. पेट्रोलवरची सात वर्षं जुनी गाडी आहे, शहरात लीटरला साधारण १२ किलोमीटर ॲव्हरेज देते. ऑफिस २० किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ४०. घरात एक स्कूटर आहे, पण ती फारशी बाहेर निघत नाही. पेट्रोल थोड्याच काळात वीसेक टक्क्यांनी चढलं आणि महिन्याचं गणित कोलमडलं. आता तुम्ही विचारताय की ही गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी, आहे तिलाच सीएनजी किट बसवावं, की सरळ स्कूटरवर जायला लागावं.

मी एका आस्थापनेच्या गाड्यांचा ताफा सांभाळते. कर्मचाऱ्यांना आणणाऱ्या-सोडणाऱ्या बसेस, कार्यालयीन मोटारी, सामानाचे टेम्पो. इंधनाचा भाव चढला की पहिला फोन मला येतो आणि त्यातला प्रश्न बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असतो: "गाड्या बदलायच्या का?" यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. रोजच्या येण्या-जाण्याचा खर्च कसा आवरायचा, हा एक. पुढची गाडी कोणती आणि कधी घ्यायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर याच महिन्यात लागू करता येतं आणि त्याला जवळपास पैसे लागत नाहीत. दुसरा मोठ्या रकमेचा आहे आणि त्याची घाई सहसा महागात पडते. पंपावरच्या पावतीचा राग डोक्यात असताना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधू नका, एवढं मी सगळ्यांनाच सांगते.

आता हिशेब. तो पैशांत न करता लीटरमध्ये करा, कारण भाव जागोजागी वेगळा असतो आणि रोज हलतो, लीटर मात्र तुमच्या हातात असतात. महिन्यात २२ दिवस ऑफिस धरलं तर ८८० किलोमीटर झाले. इतर फिरणं धरून १,००० म्हणू. बाराच्या ॲव्हरेजला महिन्याला ८३ लीटर लागतात, वर्षाला १,०००.

भाव २० टक्क्यांनी वाढला तर खर्च पूर्वीइतका ठेवायला इंधन २० टक्क्यांनी कमी करावं लागत नाही, साधारण १७ टक्के पुरतं. म्हणजे महिन्याला १४ लीटर. आणि आठवड्यातला फक्त एक दिवस गाडी काढली नाही, तर महिन्याचे सुमारे १७५ किलोमीटर वाचतात. ते जवळजवळ १५ लीटर झाले. म्हणजे ज्या भाववाढीने तुमची झोप उडाली आहे, ती आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवल्याने पूर्ण भरून निघते. तो एक दिवस घरून काम करा, बसने किंवा लोकलने जा, कुणाच्या तरी गाडीत बसा, काहीही चालेल. लोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण नवी गाडी डोळ्यांना दिसते आणि न केलेली फेरी दिसत नाही.

आता याच्या शेजारी गाडी बदलण्याचा पर्याय ठेवून बघा. समजा तुम्ही १८ चं ॲव्हरेज देणारी नवी गाडी घेतली. महिन्याला ५६ लीटर लागतील, म्हणजे २८ लीटर वाचले. वाईट नाही. पण त्याच ऑफिसच्या वाटेवरच्या एका सहकाऱ्याबरोबर एक आठवडा तुमची गाडी, एक आठवडा त्यांची, असं ठरवलं तर महिन्याला तुमचे ४४० किलोमीटर कमी होतात, म्हणजे ३७ लीटर. जुन्याच गाडीत! नव्या गाडीचे वर्षाला वाचणारे ३३३ लीटर तुमच्याकडच्या भावाने गुणा आणि ती रक्कम नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या घसाऱ्याशी ताडून बघा. गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच सर्वांत वेगाने उतरते. त्यावर नोंदणी, जास्तीचा विमा, कर्ज असेल तर व्याज. एवढ्या रनिंगला इंधनाची बचत घसाऱ्याला पुरून उरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं गणित वेगळं असतं. तिथे इंधन हाच सर्वांत मोठा खर्च असतो आणि चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी लवकर वसूल होते. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर जाण्याआधी त्याचं महिन्याचं रनिंग विचारा. टॅक्सीवाल्याचा सल्ला त्याच्यासाठी शंभर टक्के खरा असतो, तुमच्यासाठी असेलच असं नाही.

ॲव्हरेजच्या आकड्यातही एक फसगत आहे. १० वरून १२ वर गेलो तर "दोनच वाढलं" असं वाटतं आणि २० वरून २५ वर गेलो तर "पाच वाढलं". पण १०० किलोमीटरला लागणारं इंधन काढा. पहिल्यात १० लीटरचे ८.३ होतात, म्हणजे १.७ लीटर वाचले. दुसऱ्यात ५ चे ४ होतात, म्हणजे एकच लीटर वाचला. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं. माझ्या कामात याचा अर्थ सरळ आहे: ताफ्यात सुधारणा करायची तर आधी सर्वांत जास्त पिणाऱ्या गाडीकडे बघायचं. घरात दोन वाहनं असतील तर जास्त किलोमीटर कमी पिणाऱ्या वाहनाच्या वाट्याला द्यायचे. तुमच्याकडे स्कूटर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सध्याच्या गाडीचं बारा हे ॲव्हरेज खरं आहे का, हेही एकदा तपासा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबा, वरून थेंब थेंब भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव उरली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा तशीच फुल करा आणि ट्रिप मीटरच्या किलोमीटरना पावतीवरच्या लीटरने भागा. एका टाकीच्या आकड्यावर जाऊ नका, कारण नोझल कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढवलेलं असेल तर आकडा थोडा उतरलेला दिसेल. एक लीटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाला ॲव्हरेज पाच-सात टक्क्यांनी कमी मिळणं स्वाभाविक आहे. त्यासाठी इंजिन खोलायला लावू नका.

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या माझ्या लॉगबुकात कायम वेगवेगळं ॲव्हरेज दाखवतात. कारण शोधायला मी एकदा ड्रायव्हरच्या शेजारी बसून जाते. बहुतेक वेळा उत्तर रस्त्यात आणि पायात असतं. सिग्नल शंभर मीटरवर लाल दिसतो आहे तरी एक्सलरेटर दाबलेलाच, मग जोरात ब्रेक, मग पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात. तुम्ही जाळलेलं पेट्रोल तिथे ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन संपतं. लाल दिसताच पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवून आपोआप हळू होऊ दिली, तर आजकालची फ्युएल इंजेक्शनची इंजिनं त्या वेळात इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज कार्बोरेटरच्या काळापासून चालत आलेला आहे. तो ब्रेकच्या दृष्टीने धोक्याचाही आहे.

उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लीटर पेट्रोल खातं, एसी चालू असेल तर जास्तच. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघत दहा मिनिटं, एटीएमपाशी पाच, फोनवर बोलताना आणखी पाच, अशी ही गळती होते. मोकळ्या रस्त्यावर वेगाचं बघा: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून ११० वर गेलं की तो जवळजवळ दुप्पट होतो. टायरमधली हवा सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा.

छोट्या फेऱ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. थंड इंजिन गरम व्हायला काही किलोमीटर घेतं आणि तोवर ते जास्त पेट्रोल मागतं. दीड किलोमीटरवर भाजी आणायला गाडी काढली, परत आलात, तासाभराने औषधं आणायला पुन्हा निघालात, तर ते सगळे किलोमीटर इंजिनच्या सर्वांत खादाड अवस्थेत पडतात. तुमची स्कूटर खरं तर इथे बाहेर निघायला हवी. जे उरेल ते ऑफिसहून येतानाच, इंजिन गरम असताना उरकून घ्या.

ऑफिसची वेळ अर्धा-पाऊण तास मागे-पुढे करता येत असेल तर तेही विचारून बघा. अंतर तेवढंच राहतं, पण गर्दी टळते आणि थांबत-सरकत जाणाऱ्या प्रवासापेक्षा एकसंध प्रवासाला इंधन बरंच कमी लागतं. आमच्या बसेसची सुटायची वेळ बदलल्यावर त्यांच्या ॲव्हरेजमध्ये पडलेला फरक कुठल्याही ट्यूनिंगने पाडता आला नसता. थेट ऑफिसपर्यंत बस नसेल तर स्टेशनपर्यंत स्कूटर आणि पुढे लोकल, असा अर्धा-अर्धा प्रवासही चालतो. पार्किंगचा खर्च आणि शोधाशोध धरली तर तो पुष्कळदा कारपेक्षा सरस पडतो.

आता तुम्ही मांडलेले पर्याय.

स्कूटर. ४५ चं ॲव्हरेज धरलं तर आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला स्कूटरने गेल्यास महिन्याला एकवीसेक लीटर वाचतात. आकडा मोहात पाडणारा आहे. पण मी कर्मचाऱ्यांना सरसकट दुचाकी सुचवत नाही. जगभरातल्या रस्ते अपघातांतल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मृत्यू दुचाकी आणि तीनचाकी वाहनांवरच्या लोकांचे असतात. तुमची वाट वेगवान महामार्गावरून जात असेल, अवजड वाहनं लागत असतील, किंवा परतताना रात्र होत असेल, तर त्या एकवीस लीटरसाठी तिकडे वळू नका. वाट आतल्या, सावकाश रस्त्यांची असेल तर चांगलं हेल्मेट घालून कोरड्या दिवसांत जरूर जा.

सीएनजी. हा गॅस किलोवर विकला जातो आणि एका किलोत एक लीटर पेट्रोलच्या दीडपटीच्या जवळ ऊर्जा असते. म्हणून किलोचा भाव आणि लीटरचा भाव नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका. एका किलोमीटरला किती पडतं ते काढा. डिकीची जागा जाते, टाकीची ठरावीक काळाने चाचणी करून घ्यावी लागते आणि पंपावर रांग असेल तर वेळ जातो. सात वर्षांच्या गाडीला बाहेरून किट बसवताना इंजिनची अवस्था, मान्यताप्राप्त फिटिंग आणि विम्यातली नोंद, तिन्ही नीट असायला हवं. महिन्याला १,००० किलोमीटरला किटचा खर्च वसूल व्हायला किती महिने लागतात ते काढा. गाडी त्याआधीच विकायची असेल तर नको.

डिझेलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. एका लीटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिनही जास्त कार्यक्षम असतं. पण नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. शहरातल्या गर्दीत रोज वीस किलोमीटर रांगणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो आणि त्याचा खर्च सगळी बचत खाऊन टाकतो.

हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीला, शहरातली गर्दीच मानवते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. जपानमध्ये १९९७ साली टोयोटा प्रियस आली तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे, त्यामुळे त्याच्या भरवशाबद्दल मला शंका नाही. प्रश्न फक्त जास्तीच्या किमतीचा असतो आणि कमी रनिंगला ती जड जाते.

इलेक्ट्रिकवर मी मनापासून विश्वास ठेवते, आमच्या ताफ्यातही त्या वाढत आहेत. पेट्रोल इंजिन शहरात इंधनातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या विजेचा बहुतांश भाग चाकाला देते. साधारण आकाराच्या कारला १०० किलोमीटरला १५ युनिट धरा, चार्जिंगमधली घट मिळवून १७. म्हणजे तुमच्या वर्षाच्या १,००० लीटरच्या जागी सुमारे २,००० युनिट वीज लागेल. तुमच्यासाठी सूत्र सोपं आहे: एक लीटर पेट्रोलचा भाव आणि दोन युनिट विजेचा भाव, यांतला फरक म्हणजे तुमची लीटरमागची बचत. घरच्या मीटरवर चार्जिंग होणार असेल तर हा फरक सहसा घसघशीत असतो. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवरच अवलंबून राहायचं असेल तर तिथला युनिटचा दर आधी बघा, तो घरच्यापेक्षा बराच जास्त असू शकतो. रोजच्या ४० किलोमीटरला रेंजची चिंता नाही. अडचण असते ती हक्काच्या पार्किंगमध्ये प्लगपॉइंट मिळण्याची. सोसायटीची परवानगी, मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल, मंजूर भार, हे सगळं गाडी बुक करण्याआधी कागदावर मिटलेलं असू द्या.

आता भावाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात "हा असाच चढत राहणार" असं गृहीत आहे. कच्च्या तेलाचा इतिहास बघा. ऑक्टोबर १९७३ मधल्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला. जुलै २००८ मध्ये तो १४७ ला टेकला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाळिशीच्या खाली आला. २०१४ च्या मध्याला शंभराच्या वर होता, २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतला वायदेभाव एक दिवस चक्क शून्याखाली गेला आणि मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, १२० च्या पुढे. पंपावरच्या भावात कर मोठा असतो, त्यामुळे उतार तिथे तेवढा दिसत नाही हे खरं. तरी आठ-दहा वर्षं वापरायची गाडी एका महिन्याच्या भावावर ठरवू नये.

याला जोडूनच बाजाराची एक गोष्ट. भाव भडकला की सगळेच एका दिशेला पळतात. जास्त पिणाऱ्या जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि काटकसरी गाड्यांना प्रतीक्षायादी लागते. २००८ साली अमेरिकेत मोठ्या एसयूव्हींच्या जुन्या बाजारातल्या किमती अशाच कोसळल्या होत्या. म्हणजे आत्ता तुम्ही पडत्या भावात विकाल आणि चढ्या भावात घ्याल. आमच्याकडे गाडी बदलते ती तिचं वय, दुरुस्तीचा वाढता खर्च आणि सुरक्षितता बघून. इंधनाचा भाव पुढची गाडी *कोणती* हे ठरवताना मोजतो, *कधी* हे ठरवताना नाही.

आणि कमी पिणारी गाडी घेतलीत तर एका गोष्टीची खबरदारी घ्या. फिरणं स्वस्त झालं की माणूस जास्त फिरतो. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाबद्दल हे नोंदवलं होतं की वाफेची यंत्रं काटकसरी झाल्याने कोळशाचा एकूण वापर घटत नाही, वाढतो. घरातल्या फिरण्यातला आनंद मी कुणाला नाकारणार नाही, पण वर्षअखेरीस "बचत गेली कुठे" असं वाटलं तर ओडोमीटर बघा.

तुमच्या परिस्थितीत मी असते तर याच आठवड्यात हवा तपासून टाकी फुल करून मोजणी सुरू केली असती, ऑफिसात वाटेवरचा एक सहकारी शोधला असता आणि एक दिवस घरून कामाची परवानगी मागितली असती. सहकारी मिळाला नाही तरी घरून कामाचा एक दिवस आणि जवळच्या फेऱ्यांना स्कूटर, एवढ्यावर ही भाववाढ पचते. गाडी अजून दोन-तीन वर्षं सहज वापरली असती, दरम्यान पार्किंगमधल्या प्लगपॉइंटची परवानगी मिळवून ठेवली असती आणि पुढची गाडी बहुधा इलेक्ट्रिक घेतली असती. गाडीने मोठं काम काढलं, म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिनच खोलायची वेळ आली, तर हा बेत अलीकडे आणायचा.

तीन गोष्टी तुमच्या प्रश्नात नव्हत्या: पार्किंग हक्काचं आहे का, महिन्यातून लांबचा प्रवास किती होतो, आणि ऑफिसची वाट महामार्गावरून जाते का. तीन-चार टाक्यांच्या मोजणीनंतर खऱ्या ॲव्हरेजबरोबर हे कळवलंत, तर तुमच्याच आकड्यांवर इलेक्ट्रिकचा हिशेब मांडून देते.